बिबट्या, शास्त्र आणि ग्रामसभा : उसाच्या पट्ट्यात शिकलेले नऊ धडे

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे पुणे जिल्ह्यातले चार तालुके जुन्नर वनविभागात येतात. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालव्याचं पाणी फिरलं, बाजरी मागे हटली आणि ऊस पुढे सरकला. उसात बिबट्याला महिनोन् महिने आडोसा मिळाला. जवळ पाणी होतंच, वस्तीवर कुत्री आणि शेळ्याही होत्या. जंगलात परत जायचं त्याला कारण उरलं नाही. आज इथे असे बिबटे आहेत, जे उसात जन्मले आणि ज्यांनी डोंगर पाहिलेलाही नाही.

मी वन्यजीवांची अभ्यासक. कॅमेरे बांधायला आणि विष्ठा गोळा करायला या भागात आले, पण माझा बराचसा काळ गेला तो समाजमंदिरात, सोसायटीच्या ओट्यावर आणि शाळेच्या व्हरांड्यात भरलेल्या सभांमध्ये. एका बाजूला संशोधकांचे तक्ते, दुसऱ्या बाजूला रात्री मोटार सुरू करायला जाणारा शेतकरी, आणि मध्ये वनखात्याचा एखादा अधिकारी, ज्याला संध्याकाळपर्यंत काहीतरी ठरवायचंच असतं. त्या सभांनी मला जे शिकवलं, ते इथे मांडते आहे.

१. प्रश्न आधी फोडून घ्या

सभेत मागणी येते ती एका वाक्यात : "बिबट्या उचलून न्या." या वाक्यात दोन गोष्टी असतात. पहिली, आमची पोरं सुरक्षित राहिली पाहिजेत. दुसरी, बिबट्या दुसरीकडे सोडला की ती सुरक्षित राहतील. पहिली गोष्ट ठरवण्याचा हक्क पूर्णपणे गावाचा आहे, तिथे मला बोलायला जागा नाही. दुसरी मात्र तपासून बघण्याची गोष्ट आहे, आणि ती तपासली गेली आहे.

२००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात पिंजरे लावून मोठ्या संख्येने बिबटे पकडले गेले आणि त्यातले अनेक दूरच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोहिमेचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. स्थलांतराआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, या काळात ते १७ वर गेले. ज्या जंगलांजवळ बिबटे सोडले, त्या भागातही माणसांवर हल्ले झाले. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो, परतीची वाट धरतो. इकडे त्याची मोकळी झालेली जागा दुसरा एखादा, बहुधा तरुण बिबट्या घेतो. रोगापेक्षा इलाज भयंकर, तो असा. त्याच वर्षी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बिबट्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सरसकट पकडून दुसरीकडे सोडण्याला नकार दिला.

डॉक्टर शस्त्रक्रियेतला धोका सांगतो, ती करायची की नाही हे घरचे ठरवतात. इथेही तसंच व्हायला हवं. काय केलं तर काय होईल, हे अभ्यासकाने सांगावं. त्यातलं काय सोसेल, हे गावाने सांगावं. दोघांनी एकमेकांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला घेतलं की सभा फिसकटते.

२. आकड्याबरोबर त्याची हद्दही सांगा

२०२२ च्या देशव्यापी अंदाजानुसार भारतात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे आहेत. हा आकडा सभेत सांगितला की मागून हशा येतो. "एवढे तर आमच्या तालुक्यात असतील," असं कुणीतरी म्हणतं. ते अतिशयोक्त असलं तरी त्यामागची शंका रास्त आहे. ही मोजणी मुख्यतः वाघांच्या गणनेला जोडून, जंगलपट्ट्यात होते. ऊस तिच्या कक्षेत जवळजवळ येतच नाही. हे आपण आपल्या तोंडाने आधी सांगितलं, तर पुढचं ऐकून घेतलं जातं. लपवलं, तर पुढचा प्रत्येक आकडा खोटा ठरतो.

उसाच्या मुलखातली मोजणीही झाली आहे. अकोले तालुक्यातल्या एका भागात, जिथे चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात आणि जंगल म्हणावं असं फारसं नाही, तिथे कॅमेऱ्यांनी दर १०० चौरस किलोमीटरला साधारण पाच प्रौढ बिबटे दाखवले. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा शहरातले लोक चकित झाले. अकोल्यात कुणालाही नवल वाटलं नाही. पण हा आकडा अकोल्याचा आहे. तो तसाच उचलून शिरूरला लावणं हे शास्त्र नव्हे, आणि हे सांगण्याची जबाबदारी अभ्यासकाची आहे.

३. दुःखाच्या दिवशी तक्ते उघडू नका

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत मृत्यू झाले. मृतांमध्ये लहान मुलं होती. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, पुणे-नाशिक महामार्ग रोखला. शेवटी नरभक्षक ठरवलेला बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. अशा दिवशी "बिबट्या हा परिसंस्थेचा महत्त्वाचा घटक आहे" असं म्हणणाऱ्याला गावाबाहेर काढलं, तर मला त्यात गावाची चूक दिसत नाही.

अशा वेळी शास्त्राचं काम एवढंच : हल्ला करणारा बिबट्या कोणता, हे ठसे, कॅमेरे आणि लाळेच्या नमुन्यांवरून शक्य तितकं नक्की करणं, म्हणजे भलताच बिबट्या मारून लोकांना खोटा दिलासा दिला जाणार नाही. बाकी त्या दिवशी लागतो तो वेळेवर पंचनामा, भरपाईचा पहिला हप्ता आणि रात्री गस्तीला आलेली माणसं.

लोकांशी खरं बोलणं व्हावं ते काही घडलेलं नसताना. ऊसतोड दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. तोड सुरू झाली की आडोसा कमी होतो, बिबटे उघड्यावर येतात, पिल्लं सापडू लागतात. म्हणून सभा व्हायला हव्यात त्या श्रावण-भाद्रपदात. तेव्हा बातमी नसते, कॅमेरे नसतात, पुढारी फिरकत नाहीत. निर्णय मात्र तेव्हाच शहाणपणाचे होतात.

४. सभेला कोण आलं नाही, ते पाहा

ग्रामसभेत पुढच्या रांगेत बसतात ते बागायतदार. बोलतात ते. त्यांचं म्हणणं खरं असतं, पण गाव तेवढंच नसतं. पहाटे शेण काढायला गोठ्यात जाणारी, वाकून घास कापणारी बाई सभेत मागे उभी असते किंवा आलेलीच नसते. उभ्या माणसापेक्षा बसलेलं, वाकलेलं माणूस आणि लहान मूल बिबट्याच्या जास्त तावडीत सापडतं. म्हणजे ज्यांना धोका जास्त, त्यांचाच आवाज कमी. मी बायकांच्या वेगळ्या बैठका घ्यायला लागले, तेव्हा बिबट्याच्या वाटा, वेळा आणि बसायच्या जागा यांची इतकी बारीक माहिती मिळाली की माझ्या कॅमेऱ्यांच्या जागा बदलाव्या लागल्या.

त्याहून बाहेरचे आहेत ऊसतोड मजूर. बीडकडून, नगरच्या दुष्काळी भागातून टोळ्या येतात, फडाच्या कडेला कोप्या टाकतात. दार नाही, दिवा नाही, पोरं उघड्यावर झोपलेली. ते या गावाचे मतदार नाहीत, त्यामुळे ठरावात त्यांचं नाव नसतं. मेंढ्यांचे वाडे घेऊन फिरणाऱ्या धनगरांचंही तेच. गावाने कितीही एकमताने ठराव केला, तरी ही माणसं सोडून केलेला ठराव लोकांचा ठराव नव्हे. मुकादमाला आणि कारखान्याच्या शेती विभागाला बैठकीला बोलवा, आणि टोळी आल्यावर पहिल्या आठवड्यात कोप्यांवर जाऊन बोला. कोप्या फडापासून थोड्या लांब, एकत्र, उजेडात टाकणं एवढ्या साध्या गोष्टीने किती फरक पडतो, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

५. गावाची माहिती जमेस धरा, आणि तपासा

अकोल्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, वजनाने ३९ टक्के. वस्तीवरच्या आज्जीला हे पाठ होतं : "कुत्री टिकतच नाहीत." शास्त्राने तिला टक्केवारी दिली. ती महत्त्वाची आहे, कारण गावातल्या उघड्या कचऱ्यावर पोसलेल्या कुत्र्यांचा प्रश्न आणि बिबट्याचा प्रश्न एकच आहे, हे त्यामुळे अधिकाऱ्यासमोर मांडता आलं.

उलट बाजूही आहे. "बिबटे वनखातंच आणून सोडतं," ही अफवा प्रत्येक सभेत निघते. ती ऐकून हसणारे तरुण संशोधक मी पाहिले आहेत. हसू नये. २००१ नंतरच्या मोहिमेत बिबटे खरोखर एका ठिकाणी पकडून दुसरीकडे सोडले गेले होते. अफवेच्या मुळाशी खरी घटना होती. ती मान्य करून मग आजची स्थिती सांगितली, पकडलेल्या बिबट्याचं पुढे काय झालं याची नोंद दाखवली, की तीच माणसं ऐकतात. अफवा खोडायची तर ती कुठून उगवली, ते आधी शोधावं लागतं.

६. ज्याचं जळतं, त्याला कळतं

वन्यजीव सगळ्यांचे, हे तत्त्व मला मान्य आहे. पण खर्च सगळ्यांचा नसतो. पुण्या-मुंबईत बसून "बिबट्या वाचवा" म्हणणाऱ्याची शेळी जात नाही. त्याचं मत ऐकावं, पण गोठ्याच्या शेजारी झोपणाऱ्याच्या मताएवढं वजन त्याला देऊ नये.

हे वजन चुकलं की काय होतं, ते सोलापूरकडे पाहा. माळढोकासाठी १९७९ मध्ये नान्नजच्या परिसरात अभयारण्य जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली शेतं, गावं, बाजारपेठा त्यात आल्या. पक्षी माळरानाचा. त्याला हवी होती थोडी, पण शांत, राखलेली गवताळ जमीन. कागदावर मात्र शेतकऱ्याच्या सातबाऱ्यापर्यंत अभयारण्य पोचलं, जमिनीच्या व्यवहारात अडचणी आल्या, आणि लोकांच्या मनात पक्षी म्हणजे अडथळा असं समीकरण बसलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर उशीर झाला होता. आज नान्नजला माळढोक दिसला तर ती बातमी होते. त्या हद्दीला ना पक्ष्याच्या शास्त्राचा पाया होता, ना लोकांच्या संमतीचा.

कोकणात वेळासला उलटं घडलं. तिथे समुद्रकासवांची अंडी गोळा केली जात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ पासून गावातल्याच तरुणांना घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, पाहुणे गावातल्या घरांत राहू लागले. अंडी कुठे, किती खोल पुरायची, वाळूचं तापमान किती, हे शास्त्राचं. राखण कोण करणार आणि पैसा कुणाच्या घरात जाणार, हे गावाचं. दोन्हीचा मेळ बसला.

७. उपाय वन्यजीवशास्त्राच्या बाहेरही असतो

"तुम्हाला काय हवं?" असं विचारलं तर उत्तर येतं, पिंजरा. कारण पिंजराच दिला जाईल, हे लोकांना माहीत असतं. "संध्याकाळी सहा ते सकाळी सहा तुम्ही घराबाहेर का पडता?" असं विचारलं, की वेगळीच यादी निघते. शेतीपंपाला थ्री-फेज वीज रात्री येते म्हणून पाणी द्यायला जावं लागतं. वस्तीवर दिवा नाही. शाळेची वाट उसातून जाते. गोठ्याला दार नाही.

यातली एकही गोष्ट वनखात्याच्या हातात नाही. दिवसा वीज हा महावितरणचा विषय, वाटेवरचा दिवा ग्रामपंचायतीचा, शाळेची गाडी शिक्षण विभागाची. पण मला विचाराल तर, दिवसा वीज हा या पट्ट्यातला सर्वांत मोठा बिबट्या-उपाय आहे. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. बिबट्याप्रवण गावं तिच्यात आधी घ्या, ही मागणी मी प्राणिशास्त्राच्या पुस्तकातून शिकले नाही, शेतकऱ्यांकडून शिकले.

पिल्लांचं उदाहरणही असंच. तोडीच्या वेळी उसात बछडे सापडतात. ते उचलून नेले तर मादी बिथरून त्याच शिवारात घिरट्या घालते. म्हणून माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्यक आणि वनकर्मचारी पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि रात्री मादी ती घेऊन जाते. ही पद्धत शास्त्राची, पण शेतकऱ्याने त्या संध्याकाळी फड बंद ठेवला आणि गर्दी पांगली, तरच ती चालते. एका बाजूने हात आखडला की दुसरी बाजू निकामी.

८. कायद्यात लोकांना जागा आहे, ती मराठीत उघडा

वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या २००६ च्या दुरुस्तीत एक नेमकी वाट आहे. व्याघ्रप्रकल्पाचा गाभा शास्त्रीय निकषांवर, तज्ज्ञ समितीशी सल्लामसलत करून ठरवायचा. भोवतालच्या बफरची हद्द ठरवताना मात्र तज्ज्ञांबरोबर ग्रामसभेचाही सल्ला घ्यायचा. कुठे शास्त्राला झुकतं माप द्यायचं आणि कुठे दोघांना एकत्र बसवायचं, हे कायद्यानेच सांगितलं आहे. त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्यात तर संकटग्रस्त वन्यजीव अधिवासातून कुणाला हलवायचं असेल, तर ग्रामसभेची माहितीपूर्वक लेखी संमती लागते.

पण सल्ला घ्यायचा तर कागद समजला पाहिजे. पश्चिम घाटाचं काय झालं ते आपण पाहिलं. माधव गाडगीळ समितीचा २०११ चा अहवाल इंग्रजीत होता. त्याचं मूळ म्हणणं ग्रामसभांनी ठरवावं असं होतं, पण गावात पोचला तो "घराला खिळाही ठोकता येणार नाही" असा निरोप. त्यानंतर अधिसूचनेचे मसुद्यांवर मसुदे निघाले. ३१ जुलै २०२४ चा सहावा मसुदा ५६,८२५ चौरस किलोमीटरचा होता आणि हरकतींसाठी ६० दिवस होते. भर पावसाळ्यात, भाताच्या हंगामात, शेतकऱ्याने राजपत्र वाचून हरकत लिहायची! माझा आग्रह साधा आहे : मसुदा मराठीत, नकाशा गावाच्या पाटीवर, गट क्रमांकांसह. आणि मुदत संपल्यावर कोणती हरकत मान्य झाली, कोणती नाही आणि का, याचा लेखी खुलासा. हरकत फेटाळली याचा राग लोक गिळतात. ती वाचलीच नाही, याचा गिळत नाहीत.

९. निर्णयाला तारीख घाला

बिबट्याबद्दल आपल्याला पुष्कळ कळलं आहे, सगळं नाही. म्हणून कोणताही उपाय कायमचा म्हणून जाहीर करू नये. २०२५ मध्ये माद्यांची नसबंदी करण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्याच्या बाजूने आणि विरोधात तावातावाने बोललं गेलं. माझ्या मते दोन्ही बाजूंना आधी हे विचारावं : किती माद्यांवर, कोणत्या शिवारात, किती वर्षांत परिणाम दिसायला हवा, आणि दिसला नाही तर काय? हल्ले कमी होणं हे यश मानायचं, की संख्या कमी होणं? संख्या घटूनही हल्ले तेच राहिले, तर गावाला काय मिळालं? ही उत्तरं सुरुवातीला लिहून ठेवली, तर ठरलेल्या तारखेला शास्त्रज्ञही पळ काढू शकत नाही आणि पुढारीही.

त्या तारखेला निकाल घेऊन त्याच गावात परत जावं लागतं, हे अनेकजण विसरतात. संशोधक येतात, झाडाला कॅमेरे बांधतात, प्रश्नावल्या भरून घेतात, प्रबंध लिहितात. गावाला फोटोही दिसत नाही. मी मारुतीच्या देवळात पडदा लावून कॅमेऱ्यातली चित्रं दाखवायला लागले, तेव्हापासून माझे कॅमेरे चोरीला जायचे थांबले. "ही कालव्याच्या पुलाखालची मादी," असं लोक स्वतः ओळखून सांगू लागले. अभ्यासात गावाचा हिस्सा असेल, तर अभ्यासाचा निष्कर्ष गैरसोयीचा निघाला तरी गाव त्याच्याशी वाद घालतं. धुडकावून लावत नाही.

शास्त्र आणि लोकमत यांच्यात निम्मं-निम्मं वाटून घेणं म्हणजे समतोल, असं मला वाटत नाही. बिबट्या हलवल्याने हल्ले वाढतात की घटतात, यावर मतदान घेता येत नाही. आणि एका वस्तीने किती भीती सोसावी, हे कोणताही संशोधक गणिताने सांगू शकत नाही. दोघांनाही आपापल्या प्रश्नावर शेवटचा शब्द असावा, आणि निर्णयाआधी असावा.

तुमच्या गावात पुढची ग्रामसभा होईल, तेव्हा बिबट्याचा विषय घटना घडायची वाट न बघता विषयपत्रिकेवर घ्या. आलेल्या अधिकाऱ्याला आणि अभ्यासकाला तीन गोष्टी विचारा : हे कशावरून सांगता, आमच्याकडून काय ऐकलंत, आणि परत कधी येणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तारखेसह इतिवृत्तात लिहून घ्या.